आईच्या टाचा

बाबा,

आईला घेऊन मी मावशीच्या गावाला, वरशाला चाललेय. थंडी पडल्यापासून तिच्या टाचांना भेगा पडल्यात. काल मिठागरातून आली तेव्हा चपलेत रक्त होतं, आणि तुम्ही म्हणालात, "मिठागरात पाय फुटायचेच."

आई अजून "नको गो, ते रागावतील" म्हणतेय. पण रिक्षा दारात उभी हाय. मावशी रोज कोमट पाण्याने पाय धुऊन कोकमाचं तेल लावणार हाय. भेगा भरेपर्यंत आई खाऱ्या पाण्यात पाय घालणार नाय, हे मी ठरवलंय.

आजच्या भाकऱ्या टोपलीत हायत, उद्यापासून तुमच्या तुम्ही थापा. तिला न्यायला आलात तर आधी तिच्या टाचा हातात घेऊन बघा, मग काय रागवायचं ते माझ्यावर रागवा.

सरू