पाच वाजताचा ताफा

३ नोव्हें., सोमवार
आजही गेम लागला नाही. शनिवारपासून हेच. पाच वाजता ह्यांना कॉम्प्युटरसमोर बसवलं, हेडफोन लावले, डाव्या हाताशी माउस ठेवला. नाव घेतं, पासवर्ड घेतं, मग ते चाक गरगर फिरत राहतं आणि खाली पाटी येते : सर्व्हरशी संपर्क होत नाही, थोड्या वेळाने पाहा. थोड्या वेळाने पाहिलं. पुन्हा तेच.
हे माझ्याकडे बघत बसले. "ते ते ते." अर्धांगाचा झटका आल्यापासून तोंडात एवढंच उरलंय. चहा म्हणजे ते, लघवी म्हणजे ते, मी पण ते.
निनादला फोन. "राउटर बंद करून चालू कर, आई." केला. काही फरक नाही.

४ नोव्हें., मंगळ.
पुन्हा राउटर. पुन्हा कॉम्प्युटर. वायर काढून फुंकर मारून लावली. बाकी सगळं सुरू आहे : बातम्या, यूट्यूब, लाइटचं बिलसुद्धा भरलं. फक्त ह्यांचा ट्रक सुरू होत नाही.
पावणेपाचपासून चाकाची खुर्ची हॉलकडे वळवायला लागतात. सहा वाजेपर्यंत समोर बसले होते. मीच शेवटी स्क्रीन बंद केली.

५ नोव्हें.
नेटवाल्यांकडून एक जण आला. दाराशीच मोबाइलवर स्पीड दाखवला. "काकू, नेट फुल्ल आहे. गेमचं आम्ही बघत नाही." चहा नको म्हणाला, गेला.
अनघा मॅडम (स्पीच थेरपी) येऊन गेल्या. आज अर्धा तास पूर्ण बसले हे. एरवी दहा मिनिटांत मान फिरवतात. मॅडम खूश. पहिलं वर्ष महत्त्वाचं, नंतर जे यायचं ते फार कमी येतं, असं परत एकदा सांगून गेल्या. दर वेळी सांगतात.

६ नोव्हें., गुरु.
गेमवाल्यांचं मदतीचं पान उघडून बसले. इंग्रजी. शाळेच्या ऑफिसात इतकी वर्षं काढली, सरकारी पोर्टलशी झगडले, त्यामुळे भीती वाटत नाही, पण कंटाळा येतो. कॉम्प्युटरची तारीख-वेळ तपासा : बरोबर. गेम अपडेट करा : केला, दुपार गेली. अँटिव्हायरस थोडा वेळ बंद करून पाहा : पाहिलं. पासवर्ड बदला : बदलला. पाटी तीच.
ह्यांना वाटतंय मला येत नाही. हातातून माउस ओढून घेतला आज. डाव्या हाताला जोर भलताच आलाय.
खरं तर हा गेम मला कधीच आवडला नव्हता. ह्यांनी जन्मभर पंप विकत सोलापूर, लातूर, बीड फिरायचं आणि रिटायर झाल्यावर घरात बसून खोटा ट्रक चालवायचा. चार-पाच जणांचा ताफा, रोज पाचला निघायचं, एकामागोमाग एक, जर्मनी की कुठले ते रस्ते. आणि तोंडाचा पट्टा चालू. मी स्वयंपाकघरातून ओरडायची, हळू बोला.
झटक्यानंतर निनादनेच ह्यांना परत बसवलं होतं तिथे. त्या लोकांना टाइप करून सांगितलं, माइक खराब झालाय. त्यांना अजून तेवढंच माहीत आहे. हे हॉर्नने बोलतात. एक म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. तिकडे कुणी ह्यांच्याशी मोठ्याने, सावकाश, लहान मुलाशी बोलावं तसं बोलत नाही.

७ नोव्हें.
जेवले नाहीत. दही-भात दोन घास.

८ नोव्हें., शनि.
लागला.
मदतीच्या पानावर शेवटची ओळ होती, दुसऱ्या इंटरनेटवरून लावून बघा. माझ्या मोबाइलचं हॉटस्पॉट लावलं आणि चाक फिरलं न फिरलं तोच ट्रक उभा. हेडफोन लावायचं भानच नाही राहिलं, स्पीकरवरून घरभर आवाज. नांदेडचा बालाजी, झेरॉक्सचं दुकान आहे म्हणे त्याचं. "ओ काका, होतात कुठं? आम्हाला वाटलं दुसऱ्या ताफ्यात गेलात." ह्यांनी दोन हॉर्न दिले. सगळे हसले. हे पण. अर्ध्याच तोंडाने हसतात आता, पण हसले.
पंधरा-वीस मिनिटं. मग वन्संचा फोन आला आणि नेट तुटलं. परत लावेपर्यंत ताफा पुढे निघून गेला होता. तरी चेहरा बरा होता. पोळी खाल्ली.
म्हणजे कॉम्प्युटर ठीक, गेम ठीक, खातं ठीक. दोष घरच्या नेटमध्येच कुठेतरी. राउटर उघडून बघायला हवा, त्याचा पासवर्ड नि.कडे. उद्या येतोच आहे.

९ नोव्हें., रवि.
लिहू की नको.
नि. खराडीहून अकराला आला. सून केतकी नव्हती, तिला काम. मी भाजी चिरत होते. म्हटलं, राउटरचा पासवर्ड दे, दोष तिथेच आहे, मी शोधून काढलंय. हॉटस्पॉटवर चालतो गेम.
तो म्हणाला, "कशाला त्यात पडतेस?"
"पडते म्हणजे? आठवडाभर तेच करतेय."
फ्रिज उघडला, काही न घेता लावला. "आई, मीच बंद केलाय. राउटरमधून. दिवाळीला आलो होतो ना, त्यानंतर. माझ्या मोबाइलवरून होतं ते."
मला आधी कळेचना. मी राउटर बंद-चालू करत होते, त्याच्याच सांगण्यावरून. वायरीला फुंकरा मारत होते.
म्हणाला, अनघा मॅडमनी त्याला फोनवर सांगितलं होतं, बाबा थेरपीत लक्ष देत नाहीत, पाचची वाट बघतात, हॉर्नवर भागतंय तोवर तोंड उघडणार नाहीत. गेम काढून टाका असं त्या म्हणाल्या नव्हत्या. ते ह्याने ठरवलं.
"बाबांना विचारायचं तरी."
"विचारलं असतं तर काय म्हणाले असते? ते?"
असं बोलला आणि स्वतःच ओट्याकडे तोंड करून उभा राहिला. हॉस्पिटलात सगळ्या रात्री हाच होता, हे मी विसरत नाही. मग हळूच : "मला बाबा परत बोलायला हवेत. तुला नकोत का?"
हवेतच की.
महिनाभर बघू म्हणाला. आणि हॉटस्पॉट लावू नकोस.
बाहेर हे टीव्हीसमोर. जेवताना नि.ने ह्यांना भरवलं. मी बघत राहिले.

१० नोव्हें.
पाच वाजता ह्यांनी माझ्या मोबाइलकडे बोट दाखवलं. म्हटलं, डेटा संपलाय.
संपला नव्हता.

१२ नोव्हें., बुध.
अनघा मॅडम. पाऊण तास. चित्रांची कार्डं, आ-ई-ऊ, गाल फुगवणं, सगळं केलं ह्यांनी. करायला दुसरं काही नाही म्हणून करतात, असं मला वाटतं. मॅडमना तसं वाटत नाही.
पाचला मी राउटर बंद करून चालू केला. ह्यांच्यादेखत. का केला माहीत नाही. काहीतरी करतेय असं दिसावं म्हणून.

१३
तसंच. राउटर. पाटी. चहा.

१४ नोव्हें., शुक्र.
शब्द आला.
मॅडम कार्डं लावत होत्या. दाराचं चित्र. त्या म्हणाल्या, हे काय आहे? ह्यांनी कार्डाकडे बघितलंच नाही. कॉम्प्युटरकडे हात केला, मान ताणली, आणि "ब... बन... बंद."
स्पष्ट. मॅडमनी टाळ्या वाजवल्या. "परत, काका, परत." परत म्हणाले, बंद. तिसऱ्यांदाही म्हणाले. माझ्याकडे बघून.
मॅडमनी लगेच नि.ला व्हिडिओ कॉल लावला. तो ऑफिसात होता, जिन्यात जाऊन उभा राहिला. ह्यांनी त्यालाही म्हणून दाखवलं. नि.चे डोळे भरले. "बघ आई," म्हणाला. "बघितलंस ना?"
बघितलं. साडेसात महिन्यांनी नवऱ्याच्या तोंडून शब्द आला आणि मला नि.सारखा आनंद होईना. वन्संना कळवलं, त्या रडल्या फोनवर. सगळ्यांनी पेढे म्हटलं. आणले.

१५ नोव्हें.
दिवसभर बंद. पंखा बंद, टीव्ही बंद, दार बंद. पाचला कॉम्प्युटर बंद. आता प्रश्नासारखं म्हणतात, शेवटी वर चढवून.
मी म्हटलं, हो, बंद आहे.
उद्या नि. येईल. त्याला सांगणार आहे, तू स्वतः सांग त्यांना. मला रोज हे नाटक जमत नाही.

१६ नोव्हें., रवि.
सांगितलं त्याने. नाही म्हणत होता, मी हट्टच धरला. खुर्चीसमोर मोढ्यावर बसला, ह्यांचा उजवा हात, तो निर्जीव, हातात घेऊन. "बाबा, गेम खराब नाही झालेला. मी बंद केला होता. तुम्ही बोलावं म्हणून. आणि बोललात की नाही?" हसायचा प्रयत्न केला. "आता चालू करून देतो. आत्ता, तुमच्यासमोर." मोबाइल काढला, काहीतरी दाबलं.
हे ऐकत होते. सगळं समजतं ह्यांना, डॉक्टरांनी पहिल्या दिवशीच सांगितलंय. नि.वर रागावले नाहीत. थोडा वेळ त्याच्याकडे बघितलं, मग मान वळवून माझ्याकडे. बोट माझ्याकडे केलं. "ते?"
नि.ला कळलं नाही. मला कळलं. तुला माहीत होतं?
मी मान हलवली. हो.
बोट खाली घेतलं. मग खिडकीकडे तोंड.
नि. चार वाजताच निघाला. जिन्यापर्यंत गेले. "मी चुकलो का?" विचारत होता. म्हटलं, गाडी नीट चालव.

१७ नोव्हें.
पाचला कॉम्प्युटर लावला. लॉगिन लागलीच झालं. खुर्ची न्यायला गेले तर डाव्या हाताने चाक धरून ठेवलं. हलवू दिली नाही.

१९ नोव्हें., बुध.
अनघा मॅडम. आज काहीच नाही. कार्डं समोर धरली, डोळे मिटून घेतले. बंद पण नाही, ते पण नाही. मॅडम म्हणाल्या, असे दिवस येतात, दमले असतील. मला विचारलं, घरात काही झालं का? मी म्हटलं, नाही.
जाताना चपला घालता घालता म्हणाल्या, जबरदस्ती करू नका. कोणाला म्हणाल्या कोण जाणे.

२० नोव्हें.
माझ्या हातून पाणी घेतात. गोळ्या घेतात. बघत नाहीत.

२२ नोव्हें., शनि.
नि.चा फोन दोनदा. बाबा खेळले? नाही. बोलले? नाही. मग "उद्या येऊ का?" म्हटलं ये की, घर तुझंच आहे. जरा तिरकं गेलं. त्यालाही लागलं असेल. कोण कुणाला किती लावून घेणार.
दुपारी ह्यांची दाढी केली. साबण लावताना म्हटलं, अहो, मी त्याच दिवशी सांगायला हवं होतं. आरशात बघत होते. गाल फुगवला, डावीकडचा, वस्तरा नीट फिरावा म्हणून. एवढंच.

२४ नोव्हें., सोम.
पाचला परत कॉम्प्युटर लावला. ह्यांना विचारलं नाही. खुर्चीला हात लावला नाही. मीच बसले समोर. नाव, पासवर्ड. गेला आत. ह्यांचा ट्रक कुठल्याशा गोदामाच्या आवारात उभा, बाकीचे फाटकाशी रांगेत.
कसा चालवतात मला माहीत नाही. कुठलं बटण दाबू.
बालाजीचा आवाज : "आले आले, काका आले. दोन आठवडे झाले हो. तब्येत बरी ना?" कुणीतरी हिंदीत म्हणालं, माइक बनवाया क्या. मी काही केलं नाही. मग खाली चौकटीत बालाजीने लिहिलं : काका निघायचं का?
मागे वळून पाहिलं. हे खुर्चीत, दाराच्या चौकटीशी. तिथे मी ठेवलेली नव्हती खुर्ची. स्वतः आले असणार, एका हाताने चाक ढकलत. स्क्रीनकडे बघत होते की माझ्याकडे, चष्म्यात उजेड पडला होता, कळलं नाही.
बालाजीने परत लिहिलं : काका?
मी टाइप केलं, थांबा.
आणि माउस टेबलाच्या डाव्या बाजूला सरकवून उठले.