डिसइंटरेस्टेड परीक्षक

३ ऑगस्ट, सकाळी
सभागृहाच्या दारावर सेक्रेटरी मिसेस लॅम्बर्नची नोटीस: तरुण मंडळी गावच्या मेळाव्याबाबत 'डिसइंटरेस्टेड' आहेत. संताप! गोडी नसलेला तो 'अनइंटरेस्टेड'. 'डिसइंटरेस्टेड' म्हणजे ज्याचा स्वार्थ गुंतलेला नाही असा, निःपक्ष. एकतीस वर्षं याच गावच्या शाळेत इंग्रजी शिकवलं ते यासाठी? लाल पेनाने दुरुस्ती केली.

४ ऑगस्ट
नवी नोटीस. तोच शब्द, आता ठळक अक्षरांत. बाई म्हणतात, अर्थ पोचला ना? डोकं फिरलं. घरी एनिडला तासभर फरक समजावला. ती जॅमसाठी प्लम निवडत होती. 'हं' म्हणाली. बायको असून हा प्रतिसाद.

५ ऑगस्ट
निश्चय: आजपासून चिडणार नाही.
दुपारी: पोस्टातल्या माणसाशी वाजलं. चूक त्याची.

१२ ऑगस्ट
मेळाव्यातल्या जॅम-स्पर्धेचा परीक्षक आजारी. कमिटी शेवटी माझ्याच दारात! अख्ख्या श्रॉपशायर परगण्यात दुसरा निःपक्ष माणूस आहे कोण? (एनिडचं मत: तोंडात चमचा असला की माणूस गप्प बसतो, हे कमिटीला कळलंय.) मिसेस लॅम्बर्नने खवचटपणे विचारलं, बरण्यांवर नुसते आकडे, पण तुमच्या बायकोची बरणी आली तर? ठणकावून सांगितलं, पहिल्याच चमच्याला ओळखून बाजूला ठेवीन. चौतीस वर्षं खातोय.

१९ ऑगस्ट, दुपारी
अकरा बरण्या चाखल्या. एनिडची नव्हतीच. ऐनवेळी कच खाल्ली असणार. सात नंबर सर्वांत शेवटी. शेरा मोठ्याने वाचला: 'बेचव. करणारीचं लक्ष नव्हतं.' टाळ्या अगदी तुरळक. अडाणी लोक.

संध्याकाळी
सात नंबर एनिडचा.
घरी येऊन मी म्हणालो, यावरूनच सिद्ध होतं मी किती निःपक्ष आहे ते. ती अ‍ॅप्रनची घडी घालत होती.
"निःपक्ष होतास, मान्य," ती म्हणाली. "पण चौतीस वर्षं माझ्यासमोर बसून जे रोज खातोस, ते तुला ओळखू आलं नाही. त्याला 'अनइंटरेस्टेड' म्हणतात ना?"

२० ऑगस्ट
एनिड बहिणीकडे गेली. कधी येणार, बोलली नाही. सकाळपासून भयंकर राग आलाय, पण कोणाचा ते ठरत नाही. शेवटी कोश काढला. दोन्ही शब्द पुन्हा वाचले.
तिने शब्द अचूक वापरला होता.