खूण वर, खूण खाली

गुरुवार, १२ जून
टायमिंग बेल्ट बदलायला मेकॅनिकने तीन दिवस मागितले. इंजिनातला एक दातेरी रबरी पट्टा, त्याला तीन दिवस. शिसारी आली. गाडी अठरा वर्षांची, बायकोला तिच्या वडिलांनी दिलेली. सोमवारी हिचा नव्या शाळेत पहिला दिवस, पाचवीला गणित शिकवणार. हिला शब्द दिला: मीच बदलतो, शनिवारी गाडी दारात.

शुक्रवार, स. ९
बोल्ट निघाला, पण बोटाचं सालटं घेऊन. आत अठरा वर्षांचा काळा, चिकट राडा. किळसवाणा. स्वयंपाकघरातल्या टॉवेलने पुसला. हिने दुसरा टॉवेल काढला, म्हणजे चालतंय.

सं. ७
पट्टा इंजिनातल्या दोन्ही चाकांवर बसला. खालच्या चाकाची खूण वर, वरच्या चाकाचीही वर. तंतोतंत. मेकॅनिकची कीव आली.

शनिवार, स. १०
खात्रीसाठी पान्याने इंजिन एक फेरी फिरवलं. खालच्या चाकाची खूण वर आली, वरच्याची गेली खाली. बनवणाऱ्यांनी खुणाच चुकीच्या कोरल्यात. हल्ली कुणाला कामाची लाज नाही.
ही म्हणाली, वरचं चाक दुप्पट आहे, अजून एक फेरी मारून बघा, येईल वर. हे इंजिन आहे, फळा नाही, असं शांतपणे समजावलं.

दु. ३
पट्टा काढला. विचार केला. खूण एकदा वर, एकदा खाली. म्हणजे खरी जागा मधोमध. तिथे आणताना चाक अडलं. जुन्या गाड्या हट्टी असतात. लांब पाना लावून ऐकायला लावलं, पट्टा परत चढवला.

रविवार, स. ११
चावी फिरवली. कडकड आवाज, मग काहीच नाही. बॅटरी उतरलेली.

दु. १२
शेजाऱ्याची बॅटरी जोडली. तोच आवाज, जास्त खणखणीत. शेजारी म्हणाला, आत काहीतरी आपटतंय. आगाऊ माणूस.

सं. ५
मेकॅनिकला बोलावलं. सहजच. म्हणाला, व्हॉल्व्ह वाकलेत, तीन आठवडे लागतील. शुक्रवारी बसवलेलं बरोबर होतं. दोन फेऱ्या मारून बघायचं असतं, कुणी सांगितलं नाही का, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, नाही. ही शेजारीच उभी होती.

सोमवार, स. ७
हिने फक्त बसचा नंबर विचारला. मी खात्रीने सांगितला.

सं. ६
नंबर चुकीचा निघाला. ही दीड तास उशिरा पोचली. पोचल्यावर पहिल्याच तासाला हिने फळ्यावर गणित घातलं म्हणे: मोठं चाक लहानाच्या दुप्पट, तर मोठं एकदा फिरायला लहान किती वेळा फिरेल?
अख्ख्या वर्गाला आलं.