बाहेर जाणाऱ्याला अडवलंत

बाबा,

कॉम्प्युटरची बंद पडलेली डिस्क घेऊन दुरुस्तीवाल्याकडे जातेय. जेवण झाकून ठेवलंय.

काल मी तुम्हाला फार तोडून बोलले. तीस वर्षं गेटवर पहाऱ्यात काढलेला माणूस अनोळखी नाव दिसलं की अडवणारच. पण कॉम्प्युटरची राखण करणारं फायरवॉल ज्याच्याबद्दल विचारत होतं, तो प्रोग्राम आत घुसत नव्हता, बाहेर जायची परवानगी मागत होता. आई गेल्यावर तिच्या आवाजाच्या फाइली इंटरनेटवरून दुसरीकडे जपून ठेवायला मीच तो बसवला होता. तुम्ही वर्षभर त्याला ‘नाही’ म्हणत राहिलात, आणि तिचा आवाज या एका डिस्कवरच राहिला. मीही कधी सांगितलं नव्हतं म्हणा.

फोनवर विचारलं, आवाज परत मिळेल अशी दुरुस्तीवाला खात्री देत नाही.

कॉम्प्युटरने पुन्हा काही विचारलं तर मला हाक मारा. मी शेजारच्याच खोलीत असते.