पॉज केल्यावर येणारी जाहिरात

बाबा, गेल्या महिन्यात तुमच्या चेहऱ्यावर साबणाची जाहिरात आली. ताईच्या लग्नाच्या व्हिडिओत तुम्ही बुंदीचं ताट घेऊन पंगतीतून येता आणि कॅमेऱ्याकडे पाहून हसता. आई रोज तिथंच पॉज करायची. मी म्हटलं, त्याचा फोटो काढून देतो. ती म्हणाली, "फोटो त भितीवर हायेच. तो हालत नाई. हे हालता हालता थांबतेत." आता थांबलात की थोड्या वेळानं टीव्ही तुम्हाला झाकतो. नेट बंद केलं तरी साठवलेली जाहिरात येते.

तुम्ही गेल्यावर माझी दहावी सुटली आणि तुमचं पवनीचं दुरुस्तीचं दुकान हाती आलं. आसगावच्या एका म्हाताऱ्यानं इन्व्हर्टरची पिरपिर नको म्हटल्यावर तुम्ही बझर काढून त्याच्या हातात पुडीत बांधून दिला होता. मी घाबरलो, तर म्हणालात, "वस्तू त्याची हाये. मंग तिनं त्याचंच आयकाले पायजे." या टीव्हीत काढण्यासारखा बझर नाही. मी दोनदा उघडून पाहिला.

कंपनीला फोन केला. तिथली मुलगी म्हणाली, "सर, ते आमचं पेटंटेड फीचर आहे, बंद होत नाही." हे ती अभिमानानं सांगत होती! पेटंट शोधाला मिळतं, असं मी शाळेत शिकलो होतो. एखाद्याच्या घरात घुसून त्याच्या माणसाच्या तोंडावर साबण थापणं हा शोध? तरी मूर्खासारखा मी खूश झालो. पेटंट यांचं, म्हणजे दुसऱ्या कोणाला हे लावता येणार नाही, टीव्ही बदलू. भंडाऱ्याच्या टीव्हीच्या दुकानात विचारलं, तर दुकानदार पोट धरून हसला. "भाऊ, कोन्या जमान्यात हायेस? पेटंट अडवाले नाई घेत, वाटा घ्याले घेतेत. बाकीचे पैसे देऊन तेच लावून राहिले."

तक्रार लिहायला बसलो होतो. तिथं कोणाला लिहायचं हेच कळेना, म्हणून तुम्हाला लिहितोय. पाठवायचा प्रश्नच नाही. आईनं पॉज करणं सोडलंय. तुम्ही येता, हसता, निघून जाता. ती रिमोट मांडीवर ठेवून बसते. मी तिला सांगितलंय की कंपनीचा माणूस येऊन हे बंद करून देणार आहे. कोणी येणार नाही. आज सकाळीही तिनं विचारलं, "कंपनीवाला आला नाई काय रे?"

मी म्हटलं, "येऊन राहिला."