धाकटीचं सोनेरी कार्ड

रविवार

आलो बाई एकदाचे! धक्क्याला पांढरंशुभ्र जहाज उभं, इमारतीएवढं उंच, आणि आम्ही पाचजण खाली बॅगांच्या ढिगात माना वर करून. मी, हे, आमची दहा वर्षांची ठमी, आणि धाकटे दीर-जाऊ. आठवडाभर रोज नवं बंदर, नाहीतर नवं बेट. भावजींना यंदा धंद्यात बरकत आली म्हणून सगळा खर्च त्यांचा. किती मोठं मन आहे पोराचं, असं हे सकाळपासून घोकतायत. आहेच मोठं. मी कुठे नाही म्हणतेय?

फक्त एवढंच, की त्यांना सगळ्यात वरच्या मजल्यावर बाल्कनीचा सुइट आणि आम्हाला खाली बिनखिडकीची केबिन. खिडकीच्या जागी टीव्ही लावलाय, त्यात समुद्र दिसतो. धाकटी म्हणाली, वहिनी, वरची एकच शिल्लक होती हो. तेही गोड आवाजात. तिचं सगळंच मेलं गोड.

इथे प्रत्येकाच्या गळ्यात एक कार्ड असतं. केबिनचं दार त्यानेच उघडतं आणि जेवणही त्यावरच मिळतं. बंदरावर उतरताना ते जिन्यापाशी यंत्राला टेकवायचं, पडद्यावर आपला फोटो येतो, पहारेकरी चेहरा ताडून बघतो आणि मग सोडतो. आमची कार्डं निळी, त्यांची सोनेरी. सोनेरीवाल्यांचा पोहायचा तलाव वेगळा, जेवणघर वेगळं, उतरताना मानही पहिला. ठमीला मात्र आमची केबिन फार आवडली. वरच्या बंकवर चढून बसली आहे आणि खाली यायचं नाव घेत नाही.

सोमवार

पहिलं बंदर. टेकडीवर पांढरी घरं, खाली अत्तरांची आणि टोप्यांची दुकानं, किनाऱ्याला श्रीमंतांच्या नौका. डोळे दिपले अगदी.

पण उतरायला आम्हाला चांगला तासभर रांगेत उभं केलं. धाकटी आणि भावजी केव्हाच खाली. तिने धक्क्यावरून हात केला, डोक्यावर नवी कोरी रुंद टोपी. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ह्यांना म्हटलं, बघा, तुमची भावजय कशी मिरवतेय. तर हे म्हणाले, तिला मूलबाळ नाही, मिरवू दे की. जसं काही मूल झालं की बाईने मिरवायचंच नसतं!

दुपारी ती खाली आमच्या केबिनमध्ये आली आणि ठमीच्या वेण्या घालत बसली. दोनदा सोडल्या, दोनदा घातल्या. उठायलाच तयार नव्हती.

मंगळवार

आज बंदर नाही, दिवसभर नुसता समुद्र. नाश्त्यानंतर धाकटी आपणहून म्हणाली, वहिनी, वरचा तलाव बघून या ना. माझं कार्ड घ्या, तुमचं मला द्या, मी ठमीला घेऊन खालच्या मुलांच्या तलावावर जाते. मी वरवर नको नको केलं. पण हात आधीच पुढे गेला होता.

वरच्या दाराशी यंत्राला कार्ड टेकवलं. फोटो तिचा येणार आणि माझी शोभा होणार! पण पडद्यावर आले मीच. माझाच चेहरा, सोनेरी चौकटीत. भावजींनी आधीच व्यवस्था केली असणार, दुसरं काय? पहारेकऱ्याने वाकून दार उघडलं.

काय सांगू! ऊन ऊन टॉवेल, गार कलिंगड, खांद्याला तेल चोळायला बाई. वेटरने न विचारता लिंबाचं सरबत आणून ठेवलं आणि म्हणाला, मॅडम, तुमचं नेहमीचं. मी कशाला खुलासा करतेय? पिऊन टाकलं.

संध्याकाळी कार्ड परत करायचं होतं. पण उद्या बेट आहे, एकदा तरी सगळ्यांत आधी उतरायला मिळेल असा विचार केला आणि म्हटलं, उद्या देते. धाकटी हसली. मला घाई नाही म्हणाली.

बुधवार

उतरले सगळ्यांत आधी! भावजींनी छत्री धरली. मागे वळून पाहिलं तर निळ्या रांगेत धाकटी, हे आणि ठमी. माझ्या निळ्या कार्डावर तिचा फोटो आला आणि पहारेकऱ्याने सोडलं तिला. जाऊ दे, आज तिने खाऊ दे जरा रांगेची हवा.

पण मजा म्हणून वाटेना. भावजी सारखे फोनवर. मी एकटीच बेटावरच्या सोनेरीवाल्यांच्या गच्चीत संगमरवरी कठड्यापाशी बसले, आणि खाली वाळूत ती तिघं भाजलेलं कणीस एकमेकांच्या हातातून खात होती. हे काहीतरी बोलले आणि धाकटी पोट धरून हसली. हे आणि विनोद? मग ह्यांनी तिला शिंपल्यांची माळ घेऊन दिली. ह्यांनी! इतक्या वर्षांत मला साधा गजरा आणायचं सुचलं नाही या माणसाला. अंगाचा नुसता तिळपापड झाला.

वर असावं तर ती खाली सुखात, खाली असावं तर ती वर सुखात. उद्या कार्ड बदलून घेते.

गुरुवार

रात्री वरच्या तलावाकाठच्या खुर्चीतच डोळा लागला, सकाळी उठून खाली गेले. सोनेरी कार्डाने आमचं दार उघडेना, म्हणून ठोठावलं. ह्यांनी दार उघडलं आणि एकदम दोन पावलं मागे सरले. मान खाली घालून म्हणाले, तो इथे नाही, वरच असेल बघ.

तो म्हणजे भावजी. नवऱ्याला शोधायला आले आहे असं वाटलं ह्यांना. धाकटीशी हे असेच बोलतात, मान खाली घालून.

मी म्हटलं, पुरे झाली थट्टा. हे हसले नाहीत. थट्टा करणारा माणूसच नाही हा.

आत धाकटी माझा जुना सुती गाऊन घालून ठमीचे कपडे घड्या करत होती. गाऊन तिच्या अंगाला बेतून शिवल्यासारखा. मला म्हणाली, ये गं, बस. लग्न होऊन आल्यापासून तिने मला कधी एकेरी हाक मारलेली नाही.

रिसेप्शनवर गेले. तिथल्या बाईने संगणकावर दोन्ही कार्डं तपासली. म्हणाली, मॅडम, दोन्ही बरोबर आहेत. अदलाबदल हवी तर दोघींनी राजीखुशीने यावं लागेल, जशा आधी राजी होतात तशा.

बाथरूमच्या आरशात पाहिलं. मीच आहे. तेच नाक, गालावर तोच तीळ. मग बाकीच्यांना कोण दिसतंय?

शुक्रवार

भर दुपारी मुलांच्या तलावापाशी धाकटीचे पाय धरले. सगळे बघत होते. बघू देत —

तिने शांतपणे ऐकलं. म्हणाली, तू माझ्या दागिन्यांकडे बघायचीस तेव्हा मी तुझ्या मांडीवर झोपलेल्या पोरीकडे बघायचे. तुझं जळणं सगळ्यांना दिसलं. माझं कुणाला दिसलंच नाही. मग म्हणाली, मी काही हिसकावून घेतलं नाही हं. कार्ड परत द्यायचं होतं, तेव्हा उद्या देते कोण म्हणालं?

मी म्हणाले. मीच.

ठमी पाण्यातून वर आली. मी टॉवेल घेऊन धावले. ती माझ्या बाजूने निघून गेली, धाकटीच्या टॉवेलमध्ये शिरली —

वर भावजी. मला धाकटीच्या लाडक्या नावाने हाक मारतात. खांद्यावर हात ठेवला. ज्या पोराला मी लग्न होऊन आल्यावर डबे करून दिले — मी किंचाळले. ते म्हणाले, आज झालंय तरी काय तुला?

आतून कडी लावून बाथरूममध्ये बसले आहे. धाकटीच्या चपला पायात आहेत. घट्ट होत नाहीत.

शनिवार

प्रवास संपला. सगळे उतरतायत. आम्ही नाही. भावजी म्हणतात, गंमत ठेवली होती तुझ्यासाठी, आणखी आठवडाभर आपण दोघंच —

जिन्यापर्यंत धावले. कार्ड टेकवलं. यंत्र वाजलं नाही. पहारेकरी हसून म्हणाला, मॅडम, तुम्हाला अजून राहायचंय. तीन-तीनदा टेकवलं. मी त्याला ओरबाडलं. पहारेकऱ्यांनी मला धरून, अगदी अदबीने, वर आणून सोडलं —

बाल्कनीतून दिसत होती तिघं. ह्यांच्या हातात बॅगा. मधे ठमी. मी जिवाच्या आकांताने ओरडले, ठमे, मी आई! अगं मी आई!

तिने वर पाहिलं. मला वाटलं, ओळखलं. जीव नुसता डोळ्यांत आला.

तिने हात हलवला. ओरडली, काकू, टाटा!

आणि धाकटीचं बोट धरलं.

भोंगा झाला. धक्का मागे जातोय. भावजी बाल्कनीचं दार वाजवतायत, तेच नाव, सारखं तेच. आणि मला आता, त्या नावाला, आतून, ओ द्यावीशी —

नाही. लिहून ठेवते. लिहिलेलं राहील. मी आई आहे. माझी मुलगी दहा वर्षांची. ठमी हे लाडाचं. शाळेतलं खरं नाव मीच ठेवलं, मीच, तिचं नाव —

तिचं नाव