माझे हेल

१९ ऑगस्ट
हसले! अख्खा वर्ग हसला. फार्मसीचा पहिलाच आठवडा. प्रसोंग सरांनी प्रश्न विचारला, मी उत्तर दिलं — बरोबर उत्तर! तर म्हणाले, "उत्तर ठीक. पण असे ईशान्येकडचे, इसानी हेल काढून औषध सांगितलंस, तर बँकॉकचं गिऱ्हाईक दुकानातून पळेल."
मान खाली घातली नाही मी.

२३ ऑगस्ट
आईशी फोनवर आमच्या बोलीत बोलत होते. रूममेट प्लॉय म्हणाली, "ए साइथोंग, हळू ना! डोळे मिटले की आमची मोलकरीणच बोलतेय असं वाटतं."
मनात काही नव्हतं तिच्या. तेच जास्त लागलं. मग मुद्दाम अर्धा तास बोलत बसले. मोठ्यानं!

११ ऑक्टोबर
रसायनशास्त्रात नापास. एकतीस. प्लॉयला अठ्ठ्याऐंशी. "यातलं निम्मं आमचं क्लासमध्ये अकरावीतच झालं होतं," म्हणे.
क्लास! साकोन नाखोनला आमच्या शाळेत रसायन, कवायत आणि बँड — तिन्हीला एकच सर. ब्युरेट त्यांनी फळ्यावर काढून दाखवली होती. परवा प्रॅक्टिकलला खरीखुरी हातात आली, तर तोटी कुठं फिरवायची तेच कळेना.

१४ ऑक्टोबर
प्रसोंग सरांनी बोलावलं. मला आणि बुनमीला. ग्रामीण कोट्यातले आम्ही दोघंच, आणि दोघंही नापास.
"बाळांनो, भल्यासाठी सांगतो. सोपा कोर्स घ्या. इथली मुलं फार पुढं आहेत."
"पुढं नाहीत सर. आधी निघालीत."
तोंडातून निघूनच गेलं! बाहेर आल्यावर बुनमीनं कपाळावर हात मारला. "मेलीस तू!" मग तोच हसत सुटला.
कोर्स बदलणार नाही.

२ नोव्हेंबर
रिकाम्या तासाला मी आणि बुनमी लॅबमध्ये घुसलो. नेमके सर आले.
"परवानगी घेतली?"
"मागितली असती तर दिली असतीत?"
सरांनी कपाटातून दोन गॉगल काढून पुढं केले. "डोळे सांभाळा." एवढंच.
माणूस अगदीच वाईट नाही. तरी माफ केलेलं नाही!

९ नोव्हेंबर
ब्युरेट जमली!!

२० नोव्हेंबर
रोज वर्गात एक तरी प्रश्न विचारते. कुणी हसलं, की तोच पुन्हा विचारते. बुनमी सामान बांधून बसला होता — "आपलं काम नाही हे." भांड भांड भांडले. थांबला.

१८ डिसेंबर
रसायनात मी चौऱ्याहत्तर! बुनमी बावन्न — पास तर पास! हॉस्टेलमागच्या बाकावर चिकट भात आणि सोमतम — कच्च्या पपईची आमची कोशिंबीर, खारवलेला मासा घालून. वास पार दुसऱ्या मजल्यावर. प्लॉय नाक दाबून तक्रार करायला आली आणि निम्मं संपवून गेली.
इथंच शिकणार. यांच्यासारखी होणार नाही. त्यांनी घ्यावी सवय!

५ मार्च
घरी फोन केला. धाकट्या कायोची उद्या कॉलेजची मुलाखत. पोरगी अस्सल बँकॉकचं बोलत होती — एक हेल नाही! भडकलेच. "आपल्या बोलीची लाज वाटते तुला? कुठून शिकलीस हे?"
ती गोंधळली.
"ताई, तुझंच ऐकून. तू हल्ली असंच बोलतेस ना."